नऊ बोटांचा महिना

सेयिलकान, हे पत्र तुला आहे, पण मी ते छापायला देणार आहे. आपल्या तालुक्याच्या वर्तमानपत्राने माझ्याकडे लेख मागितला: 'आमच्या खोऱ्यातली एक साधी बाई'. इथे सगळे मला एजे म्हणतात, म्हणजे ताई; तसाच संपादक म्हणाला, "डॉक्टर एजे, एखादी दहा लेकरं वाढवून सरकारी पदक मिळवलेली वीरमाता बघा ना." वीरमाता मी पुष्कळ पाहिल्या, त्यांच्या पदकांवर लिहायला दुसरे लोक आहेत. मी तुझ्यावर लिहिते. तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहीन, कारण वाचणाऱ्यांना त्या माहीत नाहीत. आणि ज्यांना माहीत आहेत असं वाटतं, त्यांना त्या चुकीच्या माहीत आहेत. त्याला कारण मी.

शहाण्णव सालच्या जानेवारीत तू पहिल्यांदा माझ्या तपासणीच्या खोलीत आलीस. एकोणीस वर्षांची, डोक्याला नव्या सुनेचा पांढरा रुमाल, अंगाला मेंढरांचा वास. शेजारी सासू. कालीपा खोलीत शिरली की खोली लहान व्हायची. तू बसायच्या आधी ती बसली, तू तोंड उघडायच्या आधी ती बोलली.

"पाळी चुकलीय. काय ते लिही, आम्हाला परतीची गाडी गाठायचीय."

मी राजधानीत वाढलेली, रशियन शाळेत आणि रशियन कॉलेजात शिकलेली. माझं किरगिझ म्हणजे बाजारात घासाघीस करण्यापुरतं, आणि आजी रागवायची तेवढं. पण देश नवा होता. वरून हुकूम आला होता की सगळ्या नोंदी आपल्या भाषेत करा. मला तर चेवच चढला होता. ज्यांना जन्मभर ती भाषा येत होती त्यांनाच मी ती शिकवायला निघाले होते.

"शेवटची पाळी कधी आली?"

"बारा तारखेला," तू जमिनीकडे बघत म्हणालीस.

"महिना?"

तू रशियन नावच सांगणार होतीस. तुझे ओठ हललेले मी पाहिले. मी मध्येच थांबवलं. "रशियन नको. आपल्याला आपली भाषा आहे ना? त्या भाषेत सांग."

तू लाल झालीस. "अतांचा महिना."

"कुणाच्या अतांचा?"

"हिच्या सासऱ्याचा!" कालीपा करवादली. "माझ्या म्हाताऱ्याचा. सून त्याचं नाव कसं घेईल? आणि मी तरी कशी घेईन? तू कुणाची सून नव्हतीस का गं डॉक्टरीणबाई?"

"होते. सोडून आले."

"तरीच!"

आणि तिने दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले. पंजे पसरलेले, उजवा अंगठा तेवढा मुडपलेला. नऊ बोटं.

तुझ्या सासऱ्याचं नाव तोगुझबाय. तोगुझ म्हणजे नऊ. भावंडांत नववा म्हणून ते नाव. तुमच्या घरातल्या बायका नऊ हा आकडाच उच्चारत नसत. "आठ, आठावर एक, दहा," अशी कोकरं मोजत. एवढं मलाही कळत होतं. नऊ बोटं म्हणजे नववा महिना, झालं. मी वहीत लिहिलं: बारा, नऊ. आणि माझी पाठ मीच थोपटली की बघा, रीतही सांभाळली, भाषाही सांभाळली आणि कामही झालं.

इथेच सगळं झालं, सेयिल. पुढचे दोन महिने नुसती त्याची फळं.

तपासणीच्या टेबलावर तुझं पोट माझ्या हाताला लहान लागलं. सतरा आठवड्यांचं असायला हवं होतं, लागलं तेराचं. माझ्या हाताने त्याआधी पाच-सहा हजार पोटं तपासली होती. तो हात खरं सांगत होता. पण वही समोर होती, आणि वहीत माझं अक्षर होतं. मी लिहिलं, 'वाढ कमी', आणि खाली लाल रेघ मारली. एकदा लाल रेघ मारली की माणसाला पुढे सगळं लालच दिसायला लागतं. फेब्रुवारीतही पोट मागेच. बाळ पहिल्यांदा हललं ते तू सांगितलंस फेब्रुवारीच्या शेवटी. पहिलटकरणीला विसाव्या आठवड्याच्या आसपास ते कळतं, आणि माझ्या हिशोबाने तुला चोविसावा चालू होता. आणखी एक लाल रेघ.

कालीपाचं स्वतःचं निदान तयार होतं. "माहेरी असताना ससा खाल्ला असणार हिने, म्हणून पोर खुरटलंय. यांच्याकडे मिळेल ते खातात."

"ससा खाल्ला नाही मी, आई."

"मग पाहिला असशील."

चौदा मार्चला मी तुला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले. सोनोग्राफीचं यंत्र तिथेच होतं. तुझा नवरा ताश्तान कळपापाशी अडकलेला. मेंढ्या विण्याचे दिवस तोंडावर आलेले. म्हणून तोगुझबाय बरोबर आला. उंच टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, खिशात कुरुतचे खडे. सगळ्या वाटेत तो दहीगोळ्या चघळत राहिला आणि मला देत राहिला, आणि मी नको म्हणत राहिले. रस्त्यावर बर्फ होतं. गाडी दोनदा आडवी झाली. तू पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होतीस.

यंत्रावर राइसा होती, माझ्या कॉलेजातली, तातार, सिगारेटी फुंकणारी, जिल्ह्यात सगळ्यात तयार नजर. तिने डोकं मोजलं, पोट मोजलं, मांडीचं हाड मोजलं. मग पुन्हा मोजलं. मला बाहेर नेलं.

"सगळंच चार आठवडे मागे आहे. तारीख कुणी लिहिली?"

"मी."

तिने सिगारेट पेटवली. "मग बरोबरच असेल," म्हणाली.

आजचा कुठलाही शिकाऊ डॉक्टर सांगेल: डोकं, पोट, हाड सारखंच मागे असेल तर आधी तारीख तपासा, मग बाळाला नावं ठेवा. तेव्हाही पुस्तकात हेच होतं. पण माझा लौकिक असा होता की मी तारीख चुकत नाही. त्या लौकिकाने तुझं बाळ खाल्लंच होतं जवळजवळ.

तिघा डॉक्टरांची समिती बसली. त्यातली एक मी. निकाल लिहिला: वाढ गंभीरपणे खुंटलेली, हाडांचा विकार संभवतो, गर्भ काढणं योग्य. अठ्ठावीस आठवड्यांपुढे कायदा परवानगी देत नव्हता, आणि कागदावर तुला सत्ताविसावा चालू होता. एकवीस तारखेला नवं वर्ष, नूरूझ. त्याच्या पुढे-मागे सगळे सुटीवर. म्हणून वीस तारीख धरली. सणाच्या आधी उरकून टाकू, असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी कशाला, मीच म्हणाले असेन.

तुला ते मीच सांगितलं. तू रडली नाहीस. मला रडणारी बाई परवडते, तिला पाणी देता येतं. तू म्हणालीस, "एजे, मेंढीच्या पोटात कोकरू लहान वाटलं तर आम्ही थांबतो. तुम्ही का थांबत नाही?"

"बाई म्हणजे मेंढी नव्हे," मी म्हटलं.

"नाही ना," तू म्हणालीस. एवढंच. पण ते अशा आवाजात की मला त्या खोलीत उभं राहवेना.

मधले पाच दिवस मी एका जागी बसले नाही. एक चहा पूर्ण प्यायले नाही. तुला त्याच दवाखान्यात ठेवलं होतं, आणि मी आपल्या गावी परत जायचं सोडून तिथेच राइसाकडे राहिले. काय कारण होतं मला? काही नाही. वॉर्डात यायची, तुझ्या पोटाला लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकायची, बाहेर जायची, पुन्हा यायची. ठोके घोड्याच्या दुडक्या चालीसारखे, नीट, एकसारखे. नर्सा एकमेकींना खुणावत. राइसा म्हणाली, "अगं बस की! तुझ्या बुटांनी माझी फरशी झिजली."

"ठोके चांगले आहेत."

"ठोके शेवटपर्यंत चांगलेच असतात. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. आणि तरी पायांना काहीतरी कळलं होतं, जे डोक्यात शिरत नव्हतं.

तोगुझबाय व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचा. सासरा सुनेच्या खाटेपाशी जात नाही, पण तो गावालाही गेला नाही. मी समोरून गेले की विचारायचा, "कसं काय डॉक्टर?" मी म्हणायची, "बघू." तो म्हणायचा, "बघा. बघायलाच शिकलात ना तुम्ही." मेला टोमणा मारायचा की खरंच बोलायचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वीस तारखेला सकाळी तुला दवाखान्याचा झगा चढवला. सलाईनची बाटली टांगून झाली होती; सुई तेवढी लावायची होती. आणि तिथल्या लिपिकेने माझ्यासमोर कागद आपटला. "हा चालायचा नाही. तुमचा किरगिझमध्ये आहे, आमचा छापील नमुना रशियन आहे. पुन्हा भरा."

मी चिडले. म्हटलं, हुकूम काय फक्त आमच्याच तालुक्याला आला होता का? ती म्हणाली, नमुने संपले की नवे छापतील. मी तुझ्या खाटेच्या कडेला बसून खरडायला लागले, आणि घाईत मोठ्याने बोलत गेले, रशियनमध्ये. नाव. वय. गाव. शेवटची पाळी: बारा सप्टेंबर.

"सप्टेंबर?" तू म्हणालीस.

"हलू नकोस."

"सप्टेंबरात माझं लग्न कुठे झालं होतं, एजे?"

माझं पेन थांबलं.

"लग्न कधी झालं तुझं?"

"त्याच्या पुढच्या महिन्यात, पाच तारखेला. मेंढ्या डोंगरावरून उतरल्यावर. सप्टेंबरात मी माहेरी कुरणावर होते."

मी आधुनिक बाई. पोटुशी आली की लग्नाची तारीख विचारायची नाही, हा माझा बाणा. गावातल्या म्हाताऱ्या बोटं मोजतात, आपण मोजायची नाहीत. त्या बाण्याचा मला कोण अभिमान!

"मग तू मला कुठला महिना सांगितलास?" मी ओरडलेच. वॉर्डातल्या सगळ्याजणी उठून बसल्या.

"अतांचा."

"नाव घे त्याचं!"

"नाही घेता येत."

"सेयिलकान, ती सुई बघ. नाव घे!"

तुझ्या तोंडून नाव आलं नाही. तुला रशियन नाव सांगता आलं असतं. पण मी 'आपल्या भाषेत, आपल्या भाषेत' म्हणून तुझी जीभच बांधून ठेवली होती. मी उठले, व्हरांड्यात गेले आणि तोगुझबायची बाही धरली. परक्या पुरुषाची बाही! नर्स हातातली बशी घेऊन तशीच उभी राहिली.

"तुमच्या नावाचा महिना कुठला?"

"आं?"

"महिना! तुमच्या नावाचा! कधी येतो?"

"तोगुझचा? मेंढ्या खाली येतात तेव्हा." त्याने तोंडातला खडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "नऊचा, मग सातचा, पाचचा, तीनचा, एकचा. तसा आपला हिवाळा उतरत येतो. रशियन लोक नऊच्याला ऑक्टोबर म्हणतात. का बरं?"

मी त्याची बाही सोडली. नऊचा महिना म्हणजे नववा महिना नव्हे. मेंढपाळाच्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. हिवाळा मोठ्या आकड्यावरून लहान आकड्याकडे मोजत यायचा. मला माहीत नव्हतं, कारण मी पुस्तकं वाचली होती.

"डॉक्टरीणबाई," तोगुझबाय म्हणाला, "एवढं शिकून महिना येत नाही होय तुम्हाला?"

मी धावत जाऊन बाटली खाली उतरवली, माझ्या हाताने. राइसाला यंत्रावर ओढून आणलं. तिने पुन्हा मोजलं, मी तारीख सांगितली, तिने बोटांवर आठवडे धरले.

"बावीस आठवडे, वर काही दिवस. अगदी रेघेवर." तिने यंत्र बंद केलं आणि सिगारेट शोधायला लागली. "बाळ ठणठणीत आहे. आजार हिच्या पोटात नव्हता, तुझ्या वहीत होता."

तू टेबलावरून विचारलंस, "म्हणजे थांबायचं?"

"थांबायचं," मी म्हटलं.

"मी म्हटलंच होतं," तू म्हणालीस, आणि तेव्हा कुठे रडलीस. मला पाणी द्यायचंही सुचलं नाही.

जुलैत, वर कुरणावर, तुला मुलगी झाली. सव्वातीन किलो, आवाज घोडीसारखा. मी स्वतः घोड्यावरून वर आले होते, पन्नासाव्या वर्षी, मांड्या सोलवटून घेत. तोगुझबायला तिचं नाव ऑक्टोबरवरून ठेवायचं होतं. तो आठवडाभर त्याच विनोदावर जगला. शेवटी नाव ठेवलं तोक्तोबुबु. थांबलेली. मी वहीतली तारीख खोडली, बरोबर लिहिली, सही केली. वही कोण वाचतं?

आता लोकांना जी गोष्ट ठाऊक आहे ती सांगते. तोगुझबायने ती पहिल्याच मेजवानीत उठून सांगितली, हातात पेला धरून: "सून असावी तर अशी. सुई दंडाला टेकली, पोर जायची वेळ आली, पण सासऱ्याचं नाव तोंडातून निघालं नाही!" लोकांनी मांडीवर थापा मारल्या. म्हातारे डोळे पुसायला लागले. खोऱ्यात ती गोष्ट अशीच चालते, अजून नव्या सुनांना ऐकवतात. त्या गोष्टीत तू देवी आहेस आणि थोडी खुळी आहेस. आणि डॉक्टरीण? डॉक्टरीण त्यात वेळेवर धावून आलेली शहाणी बाई आहे.

कालीपाची गोष्ट वेगळी. ती म्हणे, "देवी कसली! हिला महिना सांगता आला नाही. बारा तारीख म्हणाली आणि पुढे ततपप. माझी नात जायची हिच्या अडाणीपणाने." स्वतःची नऊ बोटं ती विसरली. की तिच्या मते त्या बोटांत चूक नव्हतीच? नव्हतीच. तिने बरोबर दाखवलं होतं. तूही बरोबर सांगितलं होतंस. त्या खोलीत चुकणारी एकच बाई होती, आणि ती पगारी होती.

गंमत अशी की महिने मोजण्यात खोऱ्यात तुझा हात धरणारं कुणी नाही. तू एक शाळेची वही केलीस. कुठली मेंढी कधी फळली, तिचे दिवस कधी भरणार, ते एका ओळीत. ताश्तान आधी हसायचा, "माझी बायको मेंढ्यांचं प्रसूतिगृह चालवते." मग वादळाच्या आदल्या दिवशी तू नेमक्या चाळीस मेंढ्या आत घेतल्यास आणि शेजारच्यांची कोकरं गोठली, तेव्हापासून आजूबाजूचे कळपवाले तुला विचारून जायला लागले. तुझ्या पुढच्या तिन्ही बाळंतपणांत तू मला तारखा रशियनमध्ये सांगितल्यास, आपणहून, आणि मी लिहीपर्यंत माझ्या पेनाकडे बघत राहिलीस.

आणि एवढं असून घरात मेजवानी असली, कुणी पाहुण्याने विचारलं की अमक्याचं लग्न कुठल्या महिन्यात, तर कालीपा तुझ्याकडे हनुवटी करून म्हणे, "हिला विचारू नका. हिला महिने येत नाहीत." सगळे हसत. तू तळलेले बोरसोक वाढत राहायचीस.

त्या हसणाऱ्यांत मी बसलेली असायची. मानाच्या जागी, पुढ्यात मेंढीच्या मांडीचा चांगला तुकडा. तो मी खायची.

नव्व्याण्णवच्या वसंतात, तोक्तो तीन वर्षांची होत आली होती तेव्हा, तुमच्याच घरच्या एका मेजवानीनंतर तू दाराशी माझ्या हातांवर पाणी घालत होतीस. आसपास कुणी नव्हतं. तू तांब्यावरची नजर न काढता म्हणालीस, "एजे, मी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

"मग एकदा चहाला या. कुणी पाहुणे नसतील तेव्हा. आईंना तेवढं सांगा, की चूक लिहिण्यात झाली. मी सांगितलं तर उलट बोलल्यासारखं होईल. अतांना सांगून उपयोग नाही, त्यांना त्यांची गोष्ट आवडते."

"पुढच्या आठवड्यात येते," मी म्हटलं. तू मला पुसायला पंचा दिलास, कोरा, मेजवानीतल्या कुणाला न दिलेला.

मी चहाचा पुडा आणला. कालीपासाठी पांढरा रुमाल आणला, झालरीचा. म्हातारीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पुढच्या आठवड्यात दोन बाळंतपणं आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकही आलं नाही, आणि तरी मी गेले नाही. तुमच्या दारावरून गेले, दोनदा. कुत्रं भुंकलं, मी पाय उचलला. मनात तालीम केली होती: 'कालीपा, ती नऊ बोटं मला वाचता आली नाहीत.' एवढं एकच वाक्य, तेही आपल्या भाषेत. मी जिल्ह्याच्या सभेत मंत्र्याला तोंडावर खोटारडा म्हटलं आहे. हे एक वाक्य मला जमलं नाही.

मग मी निवृत्त झाले. तोगुझबाय गेला. चहा मीच पिऊन टाकला.

यंदा मार्चमध्ये कालीपा गेली, नव्वदीला टेकून. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी आले होते. तू दाराशी तांब्या घेऊन उभी होतीस. आता तुझेही केस पांढरे. आत कुठलीशी मुलगी पेले मोजत होती, आणि तू न बघता तिला म्हणालीस, "आठ, आठावर एक, दहा." तू माझ्या हातांवर पाणी घातलंस, पंचा दिलास, काही विचारलं नाहीस.

झालरीचा रुमाल माझ्या कोटाच्या खिशात होता. मी तो तसाच घरी परत नेला.